दाढीवाली पाहुणी

पंगतीत माणूस बसला की वाढणारे सगळे त्याच्या पानाकडे बघतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका त्याच्या डाव्या हाताकडे बघायचे. जिलबीचं ताट पुढे आलं की माणूस पानावर डावा हात आडवा धरतो आणि नको नको म्हणतो. काकांचं म्हणणं असं की खरं काय ते तोंडातून नाही, त्या हातातून बाहेर पडतं. बोटं फाकलेली असली तर अजून दोन जिलब्या आरामात जातात. बोटं जुळलेली असली तर एक. हात पानाला टेकवून माणूस छातीने पुढे वाकला तर मात्र गुपचूप पुढे सरकायचं, तो खरोखर भरला. बाकी सगळं लटकं नको. ‘लटकं नको ऐकून जो पुढे गेला तो वाढपी कसला,’ असं ते म्हणायचे. खोटं नाही सांगत, पंगतीत हा माणूस चुकलेला मी कधी पाहिला नाही.

मी तेव्हा मुलुंड पूर्वेला भाड्याने राहायचे, एकटी. समोर काका, तेही एकटे. काकी जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी वसईला दिलेली. एका औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात त्यांची नोकरी झाली, पण ती आपली पोटासाठी. खरं काम वाढण्याचं, आणि ते हौसेचं. सोसायटीचा सत्यनारायण असो, गणपतीचा महाप्रसाद असो, कुणाच्या भाच्याची मुंज असो, काका बाह्या सरसावून, बादली घेऊन हजर. बोलायचे तुमच्या-आमच्यासारखंच, पण रंगात आले की सरळ मालवणीत शिरायचे. त्यांच्या दारावरून कुणी कोरडा गेला नाही. कुरियरवाल्याला सोलकढी, सिलिंडरवाल्याला घावणे. मीटर बघायला आलेला एक माणूस तर आमच्या जिन्यात बसून आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन गेला, आणि मीटर बघायचं विसरला म्हणून दुसऱ्या दिवशी परत आला. त्या दिवशीही जेवूनच गेला. मी सकाळी साडेआठला कुलूप लावायला लागले की समोरचं दार उघडायचंच. ‘जेवलंस काय गो?’

अशा माणसाच्या समोरच्या घरात मी बिअर्डेड ड्रॅगन आणला.

ऑफिसमधली एक मैत्रीण कॅनडाला चालली होती, तिची ही सरडीण. नऊ महिन्यांची, हातभर लांब, वाळूच्या रंगाची, गळ्याभोवती काट्यांची दाढी. रागावली की ती दाढी फुगते आणि काळी होते. तिची काचेची पेटी, दिवे, चिमटे, डबे असा सगळा संसार टेम्पोतून उतरवत होते तेव्हा काका जिन्यात उभे. बाकीच्या बिल्डिंगने ‘ई, पाल’ म्हणून दारं लावून घेतली. काका पेटीजवळ वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘खाता काय ता?’

मी म्हटलं, या, दाखवते. डब्यातून एक रातकिडा काढून पेटीत सोडला. ती दिव्याखालच्या दगडावर दगड होऊन पडली होती. किडा हलला. तिने मान तिरकी केली. एक डोळा त्याच्यावर. शेपटीचं टोक वर. आणि मग अशी सुटली यार, अशी सुटली, की काही कळायच्या आत जीभ बाहेर, खट, किडा गायब, आणि बाई ओठ चाटत पुढच्याची वाट बघतायत. काकांनी चक्क टाळी वाजवली. दुसरा सोडला, तिसरा सोडला, दर वेळी टाळी. चाळीस वर्षं वाढतोय, म्हणाले, पण इतकं मन लावून जेवणारं माणूस बघितलं नाही. मैत्रिणीने तिचं नाव मोचा ठेवलं होतं. काकांनी त्या दिवसापासून तिला पाहुणी म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात मीही तेच म्हणायला लागले.

मग तर ते रोज यायला लागले. मला वाटलं होतं, किडे वगैरे बघून कंटाळतील. कसले कंटाळतात. तिच्या खाण्याचा एकेक नियम ऐकून त्यांचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू. किड्यांना कॅल्शियमची पावडर लावून द्यायची, नाहीतर तिची हाडं ठिसूळ होतात, असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला. ‘अशी नाय लावायची. बांगडो रव्यात घोळवतंत तशी घोळवायची.’ आणि दोन बोटांनी एकेक किडा असा हलक्या हाताने घोळवला की पावडरीचा एक कण जास्त नाही. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर घशात अडकेल, हे ऐकल्यावर त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी तेवढ्या मापाची कापली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग भाजीबाजारातून आणलेला दुधीही त्याच मापाचा चिरायचा. पालक नको, तो कॅल्शियम अडवतो. शेवग्याचा पाला चालतो, जास्वंदीचं फूल तर फार आवडतं. सकाळी आधी दिव्याखाली अंग शेकायचं, मग जेवण, आणि जेवणानंतर दोन तास दिवा चालू, कारण ऊब नसेल तर पोटातलं पचतच नाही. ‘म्हणजे माझ्या आज्यासारखी,’ काका म्हणाले. ‘तोही उन्हात बसल्याशिवाय पेजेला हात लावायचा नाही.’

आणि रातकिड्यांची तर ऐश. तिला द्यायच्या आदल्या दिवशी किड्यांनाही चांगलंचुंगलं खायला घालायचं असतं, म्हणजे त्यांच्या पोटातून तिला सत्त्व मिळतं. हे कळल्यावर काका त्या डब्यावर बसले. गाजर, लाल भोपळा, आंब्याची एक फोड. ‘घ्या रे, लाजू नका.’ किड्यांना आग्रह करणारा माणूस मी जगात एकच बघितला.

नियमांत एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरली नाही. लहान असताना ही जात किड्यांवर वाढते, पण वर्षाची होत आली की किडे कमी करत न्यायचे आणि पाला वाढवायचा. मी हे त्यांना दहादा सांगितलं. ते मान हलवायचे.

त्यात कंपनीने मला तीन महिन्यांसाठी हैदराबादला पाठवलं. पाहुणीला कुणाकडे ठेवणार? मी विचारायच्या आत काकांनी हॉलमधला टीव्ही भिंतीला सरकवून पेटीसाठी जागा केली होती. मी दोन पानं सूचना लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवल्या. पाला रोज. किडे आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटांत खाईल तेवढे. तिथेच मी माती खाल्ली. ‘खाईल तेवढे’ हे शब्द मी कुणाच्या फ्रिजवर लिहिले?

रोज सकाळी व्हिडिओ यायचा. पाहुणीचं तोंड जवळून, अख्ख्या स्क्रीनभर, चिमट्यात जाड पिवळी अळी, सुपरवर्म म्हणतात ती, चरबीचा गोळाच, आणि मागे काकांचा आवाज. एका व्हिडिओत तिने पुढचा एक पाय वर उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला, टाटा केल्यासारखा. काका खूश. ‘बघ, बघ. हात आडवा करता. नको म्हणता. पण बोटां बघ गो, फाकलेली आसत.’ आणि अळी पुढे. आणि तिने खाल्ली. मी हैदराबादच्या हॉस्टेलमध्ये लोळून हसले, तो व्हिडिओ ऑफिसभर दाखवला, काकांना मोबाईलवर लाल बदाम पाठवले. रोज ती हात फिरवायची, रोज काका आणखी एक द्यायचे. मलाही दिसायला हवं होतं. पण व्हिडिओत तोंडच दिसायचं, पोट कधी दिसलं नाही.

परत आले तेव्हा बॅग जिन्यातच टाकून आधी काकांकडे गेले. पेटीत बघितलं. ती पाहुणी नव्हतीच. पोट जमिनीला घासत होतं, काखेत चरबीच्या गाठी, डोक्यावर दोन उंचवटे आलेले. दगडावर चढायला गेली आणि अर्ध्यात थांबून धापा टाकायला लागली. काका माझ्या शेजारी उभे, कौतुकाने. ‘अंग धरलान मा? कशी भरली बघ.’

बोलले असते तर वाईट बोलले असते. त्याच दुपारी मालाडला अशा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेली. काका बरोबर आलेच, तिचं खोकं मांडीवर घेऊन. डॉक्टरबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. वजन केलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, यकृतावर चरबी चढलीये. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आत्ताही नक्की सांगत नाही. किडे पूर्ण बंद. पाला ठेवायचा. ती खाणार नाही, रुसेल, काचेवर नखं मारेल, आठ दिवससुद्धा उपाशी राहील. राहू दे. अंगावर चरबी आहे, काही होत नाही. पण त्या दिवसांत एकदा जरी किडा दिलात तर ती पाल्याला तोंड लावणार नाही कधीच. पाला खायला लागली की मग आठवड्यातून दोनदा, मोजून पाच.

तेवढ्यात टेबलावर पाहुणीने डॉक्टरांकडे बघून पुढचा पाय उचलला आणि सावकाश फिरवला. काका पुढे झाले. ‘बघा, डॉक्टर, नको म्हणते. पण देऊन बघा, खाते.’

‘ती नको म्हणत नाहीये,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘समोर कुणी मोठा आला की ही जात असा हात करते. मी लहान आहे, मला काही करू नकोस, एवढाच त्याचा अर्थ.’

‘मग खायची कशी?’

‘समोर हललं की खाणारच. वाळवंटातली जात आहे. उद्या मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून आज मिळेल तेवढं पोटात घालायचं. पुरे म्हणणं तिला येतच नाही, आजोबा. ते आपण म्हणायचं.’

टॅक्सीत माझा राग होता तिथेच होता, पण त्यांचा चेहरा बघून तो काढायची हिंमत होईना. पवईच्या आसपास ते एकदम म्हणाले, ‘आठवड्यात दोनदा. म्हणजे बुधवार आणि रविवार.’ मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. ‘म्हणजे वार पाळायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार आपण वशाट खातो काय? नाही. मग तिने तरी कशाला खायचं? फक्त मंगळवार, शुक्रवार जास्तीचे धरायचे.’ माझा राग तिथेच अर्धा उतरला. मासळी सोडून ज्याला जेवण सुचत नाही त्या माणसाने आठवड्यातले तीन वार आयुष्यभर पाळले होते, आणि कुणी मागितलं म्हणून मोडले नव्हते. आता त्याच वाटेने जमेल असं त्यांना वाटत होतं. मी पाहुणीला माझ्याकडे ठेवणार होते, पण ते म्हणाले, नको. मी बिघडवली, मीच करीन.

तो गुरुवार होता. गुरुवार गेला, पाल्याला तोंड नाही. शुक्रवारी ती काचेवर दोन पाय टेकवून उभी राहिली आणि नखांनी खरवडायला लागली. तो आवाज आमच्या दोन्ही घरांत ऐकू यायचा. काका समोर खुर्ची टाकून बसले. शेवगा दिला, नको. दुधी किसला, नको. भोपळा उकडून, चुरून, त्यावर कॅल्शियम भुरभुरून दिला, पाहुणीने त्यात पाय दिला आणि पुढे गेली. शनिवारी ऑफिसातून मी चार फोन केले. दर वेळी एकच उत्तर. ‘माका बघता गो. नुसती माका बघता.’

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेले तर दार उघडं, घरात मासळीचा वास नाही, आणि काका पेटीसमोर. एका हातात सुपरवर्मचा डबा, दुसऱ्या हातात चिमटा. झाकण उघडं. पाहुणी काचेला नाक लावून. मी दारातूनच ओरडले, काका, नाही.

ते दचकले नाहीत. हळूच म्हणाले, ‘दिलं नाही अजून.’

मी जवळ जाऊन डबा धरला, पण त्यांनी सोडला नाही. आम्ही दोघं तसेच, एक डबा दोघांच्या हातात.

‘तुझ्या काकीला साखर होती,’ ते म्हणाले. ‘डॉक्टरने गोड बंद केलेलं. मी गावाहून येताना खाजा आणायचो, गुळातला, आल्याचा. तिला फार आवडायचा. ती म्हणायची नको. हात आडवा करायची. मी म्हणायचो, एकच गो, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी परत एक. पाय गेला तिचा, मग मूत्रपिंड. शेवटीसुद्धा मी भरवायला गेलो की हात करायची. अख्ख्या मुलुंडचे हात मी वाचले. तिचा मात्र लटका समजलो. ती खरोखर नको म्हणत होती गो. माझ्यासाठी खात होती.’

मी त्यांच्यावर रागावले होते ना, तो उरलेला रागही विरघळून मला नुसतं रडू आलं. मी रडायला लागल्यावर त्यांनी डबा सोडला. ‘हा तुझ्याकडे ठेव,’ म्हणाले. ‘मागितला तरी देऊ नकोस. पाया पडलो तरी.’

रविवारी संध्याकाळी त्यांनी तो मागितला. मी दिला नाही. सोमवारी सकाळी दार वाजवून मागितला, दिला नाही. मला तुझ्याशी बोलायचं नाही म्हणाले आणि दहा मिनिटांनी माझ्यासाठी उपमा घेऊन आले.

मंगळवारी सकाळी साडेसातला दारावर धपाधप थापा. मी ब्रश तोंडात घेऊन धावले. काका तोवर परत पेटीसमोर गुडघ्यांवर, चिमट्यात दोरा, दोऱ्याला जास्वंदीचं लाल फूल. ते फूल ते असं हळूहळू नाचवत होते की लांबून बघितलं तर मलाही किडा वाटला असता. ‘हललेलं खाते ना,’ ते कुजबुजले. ‘मग पाला का हलू नये?’ पाहुणीची मान तिरकी झाली. एक डोळा फुलावर. शेपटीचं टोक वर. मी श्वास रोखून धरला, तोंडात पेस्टचा फेस, काकांचा हात थरथरतोय आणि त्या थरथरीने फूल आणखीच जिवंत. आणि ती सुटली. खट. अर्धं फूल गेलं. बाईंनी जरा विचार केला, चावलं आणि उरलेलं अर्धं स्वतःहून ओढून घेतलं. मग शेवग्याची पानं, दोऱ्याला बांधून, एक, दोन, सहा. मी बाथरूममध्ये जाऊन थुंकून परत आले तोवर ती वाटीतली आणि खाली पडलेलीही वेचत होती. काकांनी मला मिठी मारली आणि मी त्यांच्या बनियनला पेस्ट पुसली, त्यांना पत्ताही नाही.

पुढे ती बिल्डिंग पाडायला काढली, आम्ही सगळे पांगलो, मी कांदिवलीला आले. पाहुणी मी परत मागितलीच नाही. ती काकांबरोबर वसईला गेली, आणि अजून मजेत आहे, पोट जागेवर, दगडावर एका उडीत चढते. पण काकांची आठवण निघाली की मला ना त्यांच्या पंगती आठवतात, ना ते फूल. मला त्या मंगळवारनंतरचा बुधवार आठवतो.

पाला सुरू झाला होता, डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलं होतं, म्हणजे बुधवारी मोजून पाच. मी डबा घेऊन गेले. काकांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. एक अळी पावडरीत घोळवली, दिली. खट. दुसरी. तिसरी. चौथी खाताना ती काचेच्या कडेला आली, तोंड वर, डोळे चमकतायत, अशी भूक की बघणाऱ्याला सुटावी. पाचवी दिली. ती गेली. पाहुणीने ओठ चाटले, काचेवर दोन पाय टेकवले आणि काकांकडे बघत राहिली.

काकांचा हात डब्यात गेला. सहावी अळी बोटांत आली. मी अडवलं नाही, का कोण जाणे. बराच वेळ ती अळी त्यांच्या बोटांत वळवळत होती. मग त्यांनी ती परत सोडली, झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही तळहात दाबून धरले.

‘पुरे गो,’ ते पाहुणीला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू आता काहीतरी बोल माझ्याशी. काहीपण बोल. थांबू नको. थांबलीस तर मी उघडीन.’

मी बोलत सुटले. ऑफिस, हैदराबाद, पाण्याची टाकी, वरच्या मजल्यावरची भांडणं, तोंडाला येईल ते. ते एक अक्षर ऐकत नव्हते. पाहुणी काचेवर खरवडत होती आणि ते तिच्याकडे बघत झाकण दाबून बसले होते, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही. अर्ध्या तासाने ती वळली, दगडावर चढली आणि दिव्याखाली डोळे मिटून पसरली. तेव्हा कुठे त्यांनी हात काढले.